गॅस गिझर : दुरुस्त करावा की बदलावा?

लातूरकडे घर बांधताना बोअरला पाणी किती फुटांवर लागले, याची चौकशी सगळेच करतात. ते पाणी किती जड, म्हणजे किती क्षारांचे आहे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचे आयुष्य याच न विचारलेल्या गोष्टीवर ठरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचे एकूण काठिण्य, म्हणजे हा जडपणा, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे. आमच्या भागात पाण्याची निवड करण्याची सोय क्वचितच असते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईत टँकर जे पाणी आणेल ते मुकाट्याने टाकीत भरून घ्यावे लागते, आणि तेच पाणी पुढे गिझरमध्ये जाते.

जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार पाणी तापले की न विरघळणाऱ्या रूपात बाहेर पडतात आणि तांब्याच्या नळीला आतून चिकटतात. हा थर उष्णता अडवतो, म्हणजे ज्योत तेवढीच राहते, पाणी मात्र कोमट येऊ लागते आणि नळीचे तांबे प्रमाणाबाहेर तापते. आमच्या घरच्या गिझरची कॉइल, म्हणजे हीच तांब्याची नळी, मिस्त्रींनी उघडली तेव्हा नळीच्या तोंडाशी पिवळसर पांढरे खडे कडेने दाटलेले होते आणि मध्ये ज्वारीचा दाणा कसाबसा जाईल एवढेच भोक उरले होते. असा थर कोवळा असताना सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघतो. संडास साफ करण्याचे जहाल ॲसिड त्यात कधीही ओतू नये. ते क्षाराबरोबर तांबे आणि झाळकामही खाते, आणि आज मोकळी झालेली नळी काही दिवसांतच गळू लागते.

सगळ्याच तक्रारी इतक्या गंभीर नसतात. नळ सोडल्यावर गिझर पेटत नसेल, तर आधी खालचे दोन सेल बदलून पाहावेत. टिकटिक मंद किंवा बंद असेल तर दोष बहुधा तिथेच असतो. टिकटिक जोरात येते पण ज्योत धरत नाही, अशा वेळी सिलिंडर, रेग्युलेटर आणि ठिणगीच्या पिनेवर चढलेली काजळी तपासावी. टिकटिकच येत नाही आणि सेल नवे आहेत, तर पाण्याचा दाब कमी पडतो आहे असे समजावे. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी न्हाणीघराच्या छतावर जेमतेम ठेवलेली असेल, तर वरच्या मजल्यावर तो दाब पाव बारच्या आसपासच राहतो आणि पाण्याच्या दाबाने हलून गिझर पेटवणारा आतला रबरी पडदा हलतच नाही. टँकरच्या पाण्याबरोबर आलेला गाळ आत शिरणाऱ्या नळीच्या जाळीत अडकला असेल, तरीही हेच होते. जाळी धुणे, पडदा बदलणे, टाकीखाली दोन फुटांचा कट्टा बांधणे ही कामे स्वस्तातली आहेत. एवढ्यासाठी नवा गिझर घ्यायला सांगणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नये.

ज्योतीचा रंग पालटला, तर मात्र दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. निरोगी ज्योत निळी आणि स्थिर असते. ती पिवळी होऊन वर लांबट जिभा काढू लागली, वरच्या पत्र्यांवर काजळी धरू लागली, तर गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतली शक्ती जाते. माणसाला वाटते पित्त झाले, आणि कडी उघडण्याआधीच तो खाली कोसळतो. परभणी-नांदेडकडची पहाटेची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत लोक खिडकीची फटसुद्धा टॉवेलने बंद करतात, आणि बंद न्हाणीघरात गिझर पेटता ठेवण्याचा धोका तेव्हाच सर्वांत मोठा असतो. ज्योत निळी असली, तरी बंद खोलीतला प्राणवायू ती संपवतेच. म्हणून माझे मत ठाम आहे : गॅस गिझर न्हाणीघराच्या आत नसावाच.

आमच्या गिझरबद्दल मिस्त्री म्हणाले, "सर, कॉइल नवी टाकून देतो, पण बर्नर सडलाय. जाळ पिवळाच राहील." आईने लगेच विचारले, "मग कशाला घालायचे पैसे त्यात, बाबा?" तिचा प्रश्न रास्त होता. कॉइल गळते आहे, बर्नर गंजला आहे आणि साफसफाई करूनही ज्योत पिवळीच आहे, यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की जुना गिझर उतरवावा.

नवा कोणता घ्यावा, याचा हिशेब आम्ही बसून केला. हिवाळ्यात वीस लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायला चांगल्या गिझरला साधारण ५५ ते ६० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमधून अडीचशेच्या आसपास बादल्या निघतात. तेवढ्याच पाण्याला विजेच्या गिझरला पाऊण युनिटापेक्षा कमी वीज लागते, पण पहाटे वीज गेली की घर थांबते, आणि क्षार तिथेही विजेने तापणाऱ्या कॉइलवर बसतोच. सौर यंत्र मला सर्वांत पटते, कारण मराठवाड्यात उन्हाची कमतरता नाही. मात्र आमच्या पाण्यासाठी आत वेगळे पाणी फिरवणारे, हीट एक्सचेंजरचे यंत्र हवे, साध्या यंत्राच्या नळ्या क्षाराने भरतात. आमच्या गच्चीच्या गळतीचे काम व्हायचे असल्याने सध्या ते मागे ठेवले आहे.

तोवर गॅसचाच गिझर घेतला, पण आयएसआय चिन्हाचा, ज्योत विझली की गॅस तोडणारा आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा. तो मागच्या बाजूला उघड्या भिंतीवर, वारा-पाऊस लागू नये म्हणून छज्जाखाली बसवला, आणि आत फक्त गरम पाण्याची नळी नेली. नळी लांबल्यामुळे सुरुवातीला लिटर-दीड लिटर थंड पाणी येते. ते आई वेगळ्या बादलीत धरते आणि भांड्यांना वापरते. गॅसची जुनी रबरी नळी न वापरता तारेचे अस्तर असलेली सुरक्षा नळी लावली, आणि ती पाच वर्षांनी बदलायची म्हणून तिच्यावरचे साल मिस्त्रींनी गिझरच्या बाजूला रंगाने लिहून ठेवले. क्षार काढण्याचे काम आता वर्षातून दोनदा, पावसाळा संपताना आणि होळीच्या सुमारास करायचे ठरले आहे, कारण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पाण्याचा भरवसा राहत नाही.