सरपणाला सोबत

बेंतिउला पोस्टिंग होतं तेव्हाची गोष्ट, दक्षिण सुदान. सप्टेंबर 2018 मध्ये सरकार आणि बंडखोरांत शांतता करार झाला खरा, पण वर सह्या झाल्या म्हणून रानातली पोरं लगेच बंदुका टाकत नाहीत, त्याच नोव्हेंबरात दहा दिवसांत 125 बायका-मुली बलात्कारानंतर एमएसएफ या डॉक्टरांच्या संस्थेकडे उपचाराला आल्या होत्या, बेंतिउकडं येणाऱ्या वाटांवर हल्ला झालेल्या. आणि विस्थापितांच्या छावणीत चूल तर रोज पेटायलाच हवी. पुरुष सरपणाला गेला तर जिवंत परत येणार नाही, म्हणून बायका जातात, हा हिशोब त्यांचा त्यांनीच मांडलेला.

आमचं काम म्हणजे त्यांच्यासोबत चालायचं. अंगात संस्थेचं जॅकेट, हातात रेडिओ, बस्स. आई फोनवर विचारायची, पोलीस तरी देतात का गं बरोबर? नाही, आणि ते मुद्दामच, बंदूकवाला घेतला की आपण कुणाच्या तरी बाजूचे झालो. विनोबांच्या शांतिसेनेच्या जातकुळीतलंच हे.

त्या दिवशी परत येताना वाटेत चार-पाच पोरं उभी, अर्धवट युनिफॉर्म. एकाने तिघींना बाजूला काढलं, बाकीच्यांना म्हणे तुम्ही निघा. माझी सहकारी, तिथल्याच नुएर जमातीची, काही न बोलता त्या तिघींशेजारी जाऊन बसली. मग सगळ्याच बसल्या, मोळ्या खाली, मीपण. ऊन मरणाचं. मी तिच्या तोंडून त्याला सांगितलं की कालच तुमच्या साहेबांकडे चहा झालाय, आम्ही या वाटेने येणार हे त्यांना माहितीये. खोटं नव्हतं, ह्या नोकरीत निम्मा वेळ असल्या चहातच जातो. पण पोरगा बधेना.

मग एक म्हातारी सुरू झाली. तू कुणाचा, बाप कुठला, आजोळ कुठलं, गुरं कुठं चारायचात... एकेक नाव निघत गेलं तसा तो दुसरीकडंच बघायला लागला, आणि बऱ्याच वेळाने नुसता हात हलवून जा म्हणाला. वाटेत म्हातारीला विचारलं नातं निघालं का, तर म्हणे नाही, पण त्याच्या मामांना मी ओळखते एवढं त्याला कळलं ना.

दुसऱ्या दिवशी त्या पोरांच्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेलो. ते एकदम गोड, म्हणाले महिन्याचं टाइमटेबल द्या, माझी पोरं त्या दिवशी लांब राहतील. मला आयडिया बरी वाटली. बायकांनी साफ नकार दिला, म्हणजे बाकीचे दिवस त्यांना मोकळे का? तेव्हापासून दिवस त्या ठरवायच्या, आदल्या संध्याकाळी आम्हाला सांगायच्या, आणि साहेबांना निरोप मिळायचा तो फक्त उद्याचा.