लाइट गेल्यावर आधी काय?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असा निरोप आला. संस्कार, शिस्त, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मी टेक्निकलचा विद्यार्थी, 2004 ते 2007 या तीन वर्षांतला. त्यामुळे मी मैदानाच्या कडेच्या त्या पत्र्याच्या शेडबद्दल, म्हणजे आमच्या वर्कशॉपबद्दल लिहितो. तिथल्या सरांना आम्ही ‘शॉपचे सर’ म्हणायचो. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीपटावर.

आठवीचं सगळं वर्ष कानस घासण्यात गेलं. मशीनला हात लागला तो नववीत. लोखंडाचा तुकडा फिरवून कापणारे दोन लेथ, भोकं पाडणारं एक पिलर ड्रिल आणि कोपऱ्यात घासायच्या चाकाचा ग्राइंडर. आमच्याकडच्या पोरांना फिरत्या यंत्राचं नवल नव्हतं. गुऱ्हाळाचा चरक सगळ्यांनी पाहिलेला आणि चरकात हात गेलेला एखादा माणूसही ओळखीचा असायचा. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, “चरक फिरतोय हे त्या माणसाला माहीत नव्हतं काय रे?” सगळे गप्प. “त्याला माहीत होतं. त्याच्या हाताला माहीत नव्हतं.”

मग सरांनी आमच्या हातांना शिकवायला घेतलं. लेथच्या चकची, म्हणजे तुकडा घट्ट पकडणाऱ्या जबड्याची, चावी हे त्यातलं पहिलं प्रकरण. चावी चकमध्ये आहे तोवर हात चावीवरून काढायचा नाही आणि बाहेर निघाली की ती थेट खुंटीवर. मशीनवर नाही, खिशात नाही, “जरा धर रे” म्हणून मित्राच्या हातातही नाही. चकमध्ये राहिलेली चावी मशीन चालू होताच कुणाच्या तोंडावर येईल, सांगता येत नाही. मशीन बंद ठेवून आम्ही एक अख्खा तास चावी लाव, काढ, टांग एवढंच केलं. तेव्हा हे डोक्यात जायचं. आजही चावी हातात असली की माझी नजर आपोआप खुंटी शोधते.

ग्राइंडरपाशी सरांनी चक्क गणित घातलं. चाकाचा व्यास 200 मिलिमीटर, मोटर मिनिटाला 2880 फेरे, तर कडेचा वेग किती? उत्तर आलं सेकंदाला सुमारे 30 मीटर, म्हणजे ताशी 108 किलोमीटर. “आपली कोल्हापूरची एस.टी. साठनं पळते. हे त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तुम्ही नाक घालून उभे!” नवीन चाक बसवण्याआधी ते बोटावर टांगून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच वाजवायचं, बाजारात माठ वाजवून घेतो तसं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत तडा आहे, ते चाक बाद. चाक आणि त्याच्यापुढचा टेकू यांच्यात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर जॉब, म्हणजे हातातला घासायचा तुकडा, आत ओढला जातो. आणि चालू करताना समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी शॉपच्या दाराशी तपासणी असायची. गोंडेवाल्या मोठमोठ्या राख्या तेव्हा फॅशनमध्ये होत्या. सर त्या सोडायला लावत, दारामागच्या खिळ्यांवर ओळीनं टांगत आणि तास संपला की ज्याची त्याला पुन्हा बांधून देत. मुली तिघीच होत्या. त्यांच्या वेण्या वर बांधलेल्या आणि ओढण्या खोचलेल्या असत. सगळ्यात गंमत हातमोज्यांची. एका पालकांनी मुलाला मुद्दाम नवे हातमोजे घेऊन दिले होते, तेही सरांनी काढायला लावले. फिरतं ड्रिल मोज्याचा धागा पकडतं आणि धाग्यामागून बोटं जातात. पुढे अप्रेंटिसशिप करताना 1948 चा कारखाने अधिनियम वाचला. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे हवेत, असं त्यात कलम 22 मध्ये होतं. राखीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

आता माझी गोष्ट. ती वर्षं भारनियमनाची. लाइट जायची वेळ सगळ्या गावाला पाठ, पण त्या दिवशी ती अवेळीच गेली. पोरांनी सवयीनं “गेऽऽली!” असा गलका केला. मी पिलर ड्रिलवर दोन मिलिमीटरच्या पत्र्याला भोक पाडत होतो. घाईत पत्रा क्लॅम्प केला नव्हता, नुसता डाव्या हातानं दाबून धरला होता. ड्रिल आरपार निघायच्या बेतात असतं तेव्हाच ते पत्र्याला धरतं. तसंच धरलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. मशीन थांबलं. मी निवांतपणे चक हातानं उलटा फिरवून ड्रिल सोडवायला लागलो.

सर ओरडले नाहीत. आले, माझं मनगट धरून मला बाजूला घेतलं आणि मशीनच्या खटक्याकडे बोट दाखवलं. तो चालूच होता. लेथना स्टार्टर होते. लाइट गेली की स्टार्टर पडतो, परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. या जुन्या ड्रिलला मात्र घरातल्यासारखा साधा खटका होता.

सरांनी तो खटका तसाच ठेवला. आम्हा सगळ्यांना छन्नीकामाच्या जाळीमागे उभं केलं, स्वतः दाराजवळच्या मेन स्विचपाशी थांबले आणि म्हणाले, “वाट बघा.” अंधाऱ्या शेडमध्ये तीस पोरं गप्प उभी. ड्रिलमध्ये अडकलेला माझा पत्रा तिथं साळसूदपणे लोंबत होता. दहा मिनिटं गेली असतील. ट्यूबलाइट फडफडल्या, आणि तेवढ्यात पत्रा गरकन फिरून खांबावर आदळला. धाडदिशी! सरांनी मेन पाडला. पत्र्याचा एक कोपरा पार मुडपला होता. मी डाव्या हाताची बोटं मोजली नाहीत, पण मुठीत मात्र घट्ट आवळून धरली.

आज मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला सुपरवायझर आहे. सीएनसीला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनला दारं असतात, दार उघडलं की मशीन थांबतं. तरी वेळ वाचवायला दाराच्या सेन्सरला चकवणारी पोरं भेटतातच, आणि त्यांच्याशी माझं रोज भांडण असतं. दुरुस्तीला हात घालण्याआधी मेनला कुलूप, कुलपावर नावाची चिठ्ठी आणि किल्ली आपल्याच खिशात. नव्या अप्रेंटिसला मी पहिला प्रश्न एकच विचारतो, “लाइट गेली तर आधी काय करशील?” बहुतेक जण म्हणतात, “मोबाइलचा टॉर्च लावीन.” घरी लाइट गेली की मी आधी मिक्सरचं बटण बंद करतो. त्यावरून बायको सगळ्या पाहुण्यांसमोर माझी चेष्टा करते.

गेल्या दिवाळीत शाळेत जाऊन आलो. ड्रिलला आता स्टार्टर बसलाय. माझा मुडपलेला पत्रा सरांनी तेव्हाच राखीच्या खिळ्यांशेजारी टांगला होता, तो अजून तिथंच आहे. त्या जॉबला मला शून्य मार्क मिळाले होते. भोक आरपार गेलं नव्हतं, असं सरांचं म्हणणं.