कूलर बंद झाला की कपाट उघडायचं

आमच्याकडे कपाट आवरायचा मुहूर्त पंचांगात नसतो. पावसाची झड लागून खोलीत कुबट वास आला, की कपाट उघडायचं.

यंदा उघडलं तर खालच्या कप्प्यातली मागची भिंत ओलसर! मे महिन्यात पारा ४५ वर, म्हणून दोन महिने कूलर त्याच कोपऱ्याकडे तोंड करून चालू होता. कूलर हवेत ओल सोडतो हे मला माहीत होतं, पण खिडकी लावून घ्यायची सवय काही जात नाही. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय.

खरा जीव अडकला तो आईच्या करवती काठाच्या टसर रेशमी साडीत. भंडाऱ्याकडची, करवतीच्या दातांसारखे काठ असलेली. वर्षानुवर्षं एकाच घडीत होती, घडीवर रेघ उमटलेली. अशी साडी अधूनमधून उलगडून घडी बदलायला हवी, नाहीतर तिथेच विरते. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून जुन्या सुती धोतरात गुंडाळली. जरीच्या साड्यांजवळच्या डांबर गोळ्याही काढल्या. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला.

सासूबाई दारात उभ्या. "कायले ठेवून राहिली वं एवढे ड्रेस? घालत तं नाहीस!"

खरंय. कमरेत न बसणाऱ्या चार जीन्स 'बारीक झाल्यावर' या नावाखाली होत्या. तीन दिल्या. चौथी, काय करू, अजून आहे.

स्वेटर मात्र वर माळ्यावर. दिवाळीपर्यंत कोण विचारतं त्यांना.