साकु

बेळगावात कॅम्पात एक कौलारू खानावळ आहे. तिला नाव आहे, पण ते कुणीच घेत नाही. 'कौलारूत बसूया काय?' एवढंच विचारतात, आणि 'बसूया' म्हणजे काय हे बेळगावकराला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरचा बोर्ड तिरक्या उन्हात बघितला तर रंगाचे तीन थर दिसतात. सगळ्यांत खाली मराठी, त्यावर इंग्रजी 'बेलगाम' आणि आता वर ठळक कन्नड. २०१४ साली गावाचं कागदोपत्री 'बेळगावी' झालं तेव्हा पेंटरनं खालचं खरवडायचा कंटाळा केला. त्यामुळे पावसाळ्यात ओल धरली की जुन्या 'बेळगांव'वरचा अनुस्वार फुगून वर येतो. आत मटण चांगलं असलं की माणूस बाहेरच्या अक्षरांचं फार मनावर घेत नाही. (हे वाक्य मोर्चात म्हणायचं नाही.)

आत संगमरवरी फरश्यांची सहा टेबलं, पारा उडालेला एक आरसा, मागं लाकडी आडोसा. आणि मामा. मामा म्हणजे वेटर, पण त्यांना वेटर म्हणायची कुणाची छाती नाही. ऑर्डर मराठीत घेतात, आत मुदपाकखान्याकडं तोंड करून कन्नडात ओरडतात आणि हिशेब मनातल्या मनात करतात, तो कुठल्या भाषेत ते देव जाणे. बाटलीकडं न बघता तुमची किती झाली हे त्यांना कळतं. तुमची ठरलेली झाली, की तुम्ही काही म्हणायच्या आत ते तुमचा ग्लास उलटा घालतात आणि एकच शब्द बोलतात. 'साकु.' म्हणजे पुरे. मराठीतल्या 'पुरे'ला उत्तर देता येतं, हुज्जत घालता येते, 'अहो मामा, थोडी' म्हणता येतं. 'साकु'ला नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बारा वर्षांचा असेन. रविवारी वडील न्यायचे. पुढच्या बाकावर मला बसवायचे, समोर सुकं, रस्सा, भाकरी, बाजूला शेंगाचटणी. मग उठून म्हणायचे, 'हात धुऊन येतो.' आणि आडोशामागं जायचे. अर्ध्या तासानं परत यायचे ते मूड बदलून, माझ्या गणिताच्या मार्कांबद्दल एकदम उदार होऊन. तेवढ्या वेळात मामा माझ्या ताटात कलेजीचे दोन तुकडे जास्त टाकून जायचे. मोठ्या माणसांना हात धुवायला अर्धा तास लागतो, हे मला बरीच वर्षं स्वाभाविक वाटत होतं.

तो आडोसा दारूबंदीच्या काळातला, असं मामा सांगतात. असेलही. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आम्हालाही होता, कारण १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात. पण घाट उतरलं की गोवा, आणि गोवा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांचा. पन्नासेक मैलांवर सरकार वेगळं, कायदा वेगळा, बाटली वेगळी. अशा गावात एक लाकडी आडोसा उभा राहिला तर त्यात नवल ते काय?

२०१८ साली मुलीकडं अमेरिकेला गेलो होतो. जावईबापू म्हणाले, 'बाबा, तुम्हाला जुन्या जागा आवडतात, चला.' फिलाडेल्फियाला घेऊन गेले. तिथं सिटी टॅव्हर्न नावाची खानावळ, सन १७७३ ची. दारातच अठराव्या शतकातला पेहराव केलेली मुलगी उभी. आत मेणबत्त्या, जस्ती रंगाचे पेले. जावयासमोर बसून घ्यायची माझी पहिलीच वेळ; मेन्यूकार्डावरून नजर वर निघेना. तेवढ्यात मुलगी म्हणाली, 'बाबा, तुम्ही हात धुवायला जाऊ नका. इथंच मागवा.'

मागवली. वॉशिंग्टनच्या नावाची काळपट बिअर, जेफरसनच्या नावाची सोनेरी, अशा छोट्या ग्लासांत चार. मुलीनं टोफू मागवला. मला वाटलं, अमेरिकेच्या बापजाद्यांच्या खानावळीत चिनी टोफू कुठून शिरला? तर बेंजामिन फ्रँकलिननं १७७० साली लंडनहून मित्राला पत्रात सोयाबीनच्या चीजबद्दल लिहिलं होतं म्हणे, तेवढ्या धाग्यावर तो मेन्यूत आला होता. एका पत्रावर पदार्थ मेन्यूत येत असेल तर आमच्या आजीनं उभ्या आयुष्यात लिहिलेल्या पत्रांवर पाच हॉटेलं चालली असती. मला आवडलं ते वेस्ट इंडीजचं तिखट सार. चमच्यानं ढवळलं तर मसाल्याच्या रश्श्यात अळकुडी! घरचं माणूस परगावच्या स्टँडवर भेटावं तसं झालं मला.

जावईबापूंनी इतिहास वाचून ठेवला होता. १७७४ साली इंग्रजांच्या तिथल्या तेरापैकी बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची काँग्रेस फिलाडेल्फियात भरली; दिवसा सभा आणि संध्याकाळी ही मंडळी इथं. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन ॲडम्स गावात पोचला तो प्रवासाची धूळ अंगावर असताना आधी इथंच आला आणि डायरीत लिहून गेला, की सगळ्या अमेरिकेत इतकी सभ्य खानावळ दुसरी नाही. मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. दमून आल्यावर आधी घरी न जाता कौलारूत येणारे माझ्या ओळखीचे चारजण आहेत.

मी म्हटलं, 'काँग्रेस आमच्याकडं पण झाली. बरोबर दीडशे वर्षांनी, १९२४ साली, डिसेंबरात. गांधीजी अध्यक्ष. ते अध्यक्ष असलेलं एवढं एकच अधिवेशन, आणि ते बेळगावात.' सोबत जावयाचा एक अमेरिकन मित्र होता. त्यानं अगदी मनापासून विचारलं, 'मग तुमचे प्रतिनिधी प्यायला कुठं जायचे?'

'विहिरीवर,' मी म्हटलं.

त्याला तो विनोद वाटला. खरं तर मी वस्तुस्थिती सांगत होतो. टिळकवाडीत अधिवेशनासाठी खास विहीर खणली होती, अजून आहे ती. काँग्रेस विहीरच म्हणतात तिला, आणि रस्त्याला काँग्रेस रोड. त्यांच्या काँग्रेसची आठवण म्हणून खानावळ, आमच्या काँग्रेसची आठवण म्हणून विहीर. गांधीजींची काँग्रेस, दुसरं काय शिल्लक राहणार?

बिल येईपर्यंत मी छताकडं बघत होतो. मला सवय आहे, जुन्या घरात गेलो की आधी वासे बघायचे. वासे फारच सरळ होते. एकही झुकलेला नाही, कुठं वाळवी नाही, धूर नाही. मग कळलं, मूळ इमारतीला १८३४ साली आग लागली, १८५४ साली ती पाडली. आम्ही जेवलो ती १९७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी, जुनी चित्रं आणि कागद बघून नव्यानं बांधलेली. म्हणजे ती 'जुनी' खानावळ माझ्यापेक्षा लहान! पेहराव केलेल्या पोरीनं हसून विचारलं, 'आणखी एक आणू?' मी नको म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. ग्लास उलटा घालणारं कुणी नसलं की अवघड होतं.

परवा जुलैच्या झडीत कौलारूत गेलो. 'आलास काय गा? बस,' मामा म्हणाले. मालकाचा मुलगा गल्ल्यावर मोबाइल घेऊन बसला होता. पुढच्या वर्षी नूतनीकरण करायचं त्याच्या मनात आहे. मला फोटो दाखवले. उघड्या विटांच्या भिंती, पितळी कंदील, कोपऱ्यात दारूचं पिंप. कौलं उतरवून वर पत्रा आणि पत्र्यावर कौलांसारखं काहीतरी. 'हेरिटेज लुक,' तो म्हणाला. मी काय बोलणार? वासे मात्र तो सरळ घालणार, याची मला खात्री आहे.

मामा कांदा-लिंबाची बशी घेऊन आले. मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, 'मला फेटा बांधायला लावणार म्हणे. आणि धोतर. मी जन्मात धोतर नेसलो नाही. लग्नात फेटा बांधलो होतो, तो पण भाड्याचा. संध्याकाळी परत देऊन आलो.'

'मग काय म्हटलात तुम्ही?'

'काय म्हणतो? पगार वाढवतो काय विचारलो. गप बसलाय तेव्हापासून.'

बाहेर पावसानं जोर धरला होता. मी आणखी एक नाइन्टी मागावी असा विचार करतोय तोवर मामांनी ग्लास उचलला, उलटा घातला. 'साकु.' आणि वर न बघताच माझं ताट दोन बोटं डावीकडं सरकवलं. ताट होतं त्याच जागी, फरशीच्या भेगेवर, कौलातून पहिला थेंब पडला.