हूक नसलेल्या स्लॅबला पंखा टांगताना

पंख्याच्या खोक्यात दांडी येते, पाती येतात, वरच्या-खालच्या वाट्या येतात, नट-बोल्टची एक छोटी पिशवी येते. पंखा ज्याच्यावर लटकणार तो हूक मात्र येत नाही. तो छतात आधीपासून असणारच, असं बनवणाऱ्यांनी धरलेलं असतं. ज्यांच्या स्लॅबमध्ये ओततानाच हूक सोडलेला आहे त्यांचं काम पटकन होतं. माझ्या एका खोलीत तसंच झालं, म्हणून त्या खोलीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अडचण झाली दुसऱ्या खोलीत. मोठ्या खोलीच्या मध्ये भिंत घालून दोन खोल्या केल्या होत्या, आणि जुना हूक या नव्या भिंतीच्या अगदी कडेला आला होता. पात्याच्या टोकापासून भिंत निदान दीड-दोन फूट लांब असावी लागते, नाहीतर वारा मोकळा खेळत नाही. इथे तर पातं भिंतीला घासलं असतं. म्हणजे तयार, वाळलेल्या, रंग दिलेल्या स्लॅबमध्ये नव्या जागी आधार करायचा. तिथेच घोडं अडलं.

ज्याला विचारावं तो म्हणे, "फास्टनर मारा," म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून त्यात घट्ट बसणारा बोल्ट. कुठला फास्टनर, किती जाड, किती खोल, हे विचारलं की समोरचा माणूस वैतागायचा. फास्टनर म्हणजे फास्टनर, त्यात काय विचारायचं! त्या वैतागण्याचाच मला अजून राग आहे. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर फिरणारी वस्तू टांगायची आहे आणि ती कशाने धरून ठेवायची हा प्रश्न लोकांना फालतू वाटतो.

वायरमन आले तेच हूकवाला फास्टनर घेऊन. एका टोकाला स्लॅबमध्ये फुगणारी बाही, दुसऱ्या टोकाला छत्रीच्या मुठीसारखा उघडा आकडा. मी म्हटलं, "दादा, हा उघडा आहे. आणि एकच आहे." ते म्हणाले, "ताई, पंखा पाच किलोचा. मी सत्तर किलोचा. बघाच तुम्ही." त्यांनी भोक पाडलं, फास्टनर ठोकला, पान्याने आवळला आणि स्टुलावरून पाय उचलून दोन्ही हातांनी त्या आकड्याला लटकले. आकडा हलला नाही. खाली उतरून त्यांनी हात झटकले आणि पंख्याच्या खोक्याकडे वळले. मी पंखा लावू दिला नाही. ते रागावून गेले.

त्यांच्या लटकण्याला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. ढिला बसलेला फास्टनर तेव्हाच निसटला असता. पण माणूस लटकतो तो सरळ खाली आणि क्षणभर. पंखा लटकतो वर्षानुवर्षं, आणि तो स्वस्थ लटकत नाही. पात्यांच्या वजनात थोडा जरी फरक असला तरी प्रत्येक फेऱ्याला आधाराला आडवा हिसका बसतो. मिनिटाला 300 फेरे धरले तर आठ तासांच्या एका रात्रीत 1,44,000 हिसके होतात. शिवाय पाती एका दिशेने फिरतात तेव्हा वरच्या भागाला उलट दिशेचा पीळ बसतो, आणि पंखा बंद केला की तो पीळ बदलतो. एकाच बोल्टवरचा आधार या पिळाने स्वतःभोवती फिरू शकतो, हळूहळू सैल होऊ शकतो. उघड्या आकड्याची भीती वेगळीच: तो उमलू शकतो, किंवा मोठ्या हेलकाव्यात शॅकल, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाचा आधाराला अडकणारा यू आकाराचा तुकडा, त्यातून उडून बाहेर येऊ शकतं. म्हणून पंख्याला बंद कडी लागते आणि ती एकाहून जास्त बोल्टांवर बसलेली लागते. पाच किलो आणि सत्तर किलो हा हिशोबच इथे लागू होत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं होतं ते मात्र ड्रिल चालू असताना. आधी पांढरी भुकटी पडली, मग करडी, रवाळ, आणि ड्रिल लोण्यातून गेल्यासारखं सहज आत जात होतं. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज जड झाला आणि भुकटी बारीक झाली. म्हणजे खरं काँक्रीट तिथे सुरू झालं. वायरमन गेल्यावर मी भोकाभोवतीचा गिलावा छिन्नीने उडवून पट्टीने मोजला. पुट्टी, प्लास्टर सगळं धरून जवळपास 20 मिमीचा थर होता. फास्टनर आत गेला होता 50 मिमी. याचा अर्थ काँक्रीटमध्ये होता फक्त 30 मिमी.

हे 20 मिमी फार महाग पडतात. फास्टनर ओढला जातो तेव्हा तो एकटा येत नाही, काँक्रीटचा एक शंकू सोबत घेऊन येतो. खोली जितकी जास्त तितका हा शंकू मोठा, आणि ताकद खोलीच्या सरळ प्रमाणात न वाढता त्याहून वेगाने वाढते. 50 मिमीची खोली 30 मिमीवर आली की काँक्रीटची पकड निम्म्याहूनही खाली जाते. प्लास्टरची पकड तर धरायचीच नाही. ते स्लॅबला चिकटलेलं असतं, स्लॅबचा भाग नसतं, कधी ते स्वतःच पोपडा होऊन पडतं. त्यामुळे कोणी काहीही म्हणो, खोली मोजायची ती काँक्रीटच्या पृष्ठभागापासून.

यानंतर मी दुकानात जायची पद्धतच बदलली. "पंख्याला फास्टनर द्या" असं म्हणणं सोडलं आणि पाकीट हातात घेऊन वाचायला लागले. वाचायच्या गोष्टी तीन आहेत. पहिली, लिहिलेला भार तुटायचा आहे की वापरायचा. काही पाकिटांवर ज्या भाराला फास्टनर निघाला तोच आकडा ठळक छापलेला असतो. त्याचा चौथा हिस्सासुद्धा मी पंख्यासाठी सढळच मानते. दुसरी, भोकाचं माप. बाहीवाल्या फास्टनरला बोल्टपेक्षा मोठं भोक लागतं, तर वेज प्रकारात, म्हणजे ज्यात बोल्टच्या टोकाजवळची छोटी पट्टी फुगते त्यात, भोक बोल्टच्याच मापाचं असतं. "आठचा द्या" म्हटल्यावर आठचा बोल्ट की आठचं भोक हे विचारून घ्यावंच लागतं. तिसरी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती: भेगा पडलेल्या काँक्रीटसाठी तो चालतो का. स्लॅबची खालची बाजू मधल्या भागात कायम ताणात असते आणि तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. नेमका तिथेच आपण पंखा लावतो. युरोपीय मान्यता असलेल्या फास्टनरवर "ऑप्शन 1" असेल तर तो भेगाळलेल्या काँक्रीटलाही चालतो, "ऑप्शन 7" असेल तर फक्त भेगा नसलेल्या. मी पहिला घेतला, शोधावा लागला तरी.

एका ओळखीच्या माणसाने केमिकल अँकर सुचवला. भोकात रसायन भरायचं, त्यात सळई खुपसायची, वाळलं की दगडासारखं. काही ठिकाणी तो उत्तम असेलही, पण डोक्यावर, सतत खाली ओढणाऱ्या भाराला, कुठलंही रसायन मी वापरणार नाही. 2006 च्या जुलैमध्ये अमेरिकेत बोस्टनच्या बोगद्यात छताच्या काँक्रीटच्या फळ्या एका गाडीवर कोसळल्या आणि गाडीतली बाई गेली. त्या फळ्या इपॉक्सीत, म्हणजे अशाच चिकटवणाऱ्या रसायनात, बसवलेल्या बोल्टांवर टांगल्या होत्या. चौकशीत निघालं की वापरलेलं इपॉक्सी लवकर सेट होणारं होतं आणि कायमच्या भाराखाली ते हळूहळू सरकत गेलं होतं. बसवलं त्या दिवशी सगळं घट्टच होतं. लटकून दाखवणाऱ्या वायरमनना मला हेच सांगायचं होतं.

स्लॅबला आरपार भोक पाडून वरून प्लेट आणि नट लावणं हा सगळ्यात भक्कम उपाय. वर दुसऱ्याचं घर असेल तर तो प्रश्नच मिटला, आणि गच्ची असेल तर पाणी मुरायला आपणच वाट करून देतो. म्हणून तो सोडला. लाकडी पट्ट्या ठोकायला वापरतात त्या प्लास्टिकच्या गिट्टीचं तर नावही काढू नका.

शेवटी मी प्लेट बनवून घ्यायचं ठरवलं: 6 मिमी जाड, 20 सेंटिमीटरची चौरस लोखंडी प्लेट, चार कोपऱ्यांत चार भोकं, मध्ये 12 मिमी सळईची बंद कडी. दोन फास्टनर फार जवळ असले की दोघं मिळून काँक्रीटचा एकच शंकू धरतात आणि ताकद वाटली जाते. दोघांमधलं अंतर खोलीच्या तिप्पट असेल तर प्रत्येकाला आपापलं पूर्ण काँक्रीट मिळतं. काँक्रीटमध्ये 50 मिमी खोली, म्हणून भोकं 15 सेंटिमीटरवर. एवढी मोठी प्लेट पंख्याच्या वाटीत झाकली जात नाही. दिसते तर दिसू दे, पांढरा रंग मारला.

फॅब्रिकेटरला मी एका गोष्टीसाठी अडून बसले. कडी प्लेटवर ठेवून नुसती डागायची नाही. सळईची दोन्ही टोकं प्लेटमधून आरपार नेऊन मागच्या बाजूने वेल्डिंग करायचं, म्हणजे सगळा भार एका वेल्डिंगच्या रेषेवर येत नाही. मागचं वेल्डिंग घासून सपाट करून घ्यायचं, नाहीतर प्लेट छताला टेकतच नाही, डुगडुगते. जाताना शॅकल आणि त्यात बसणारं रबराचं रीळ सोबत न्या. कडीची रुंदी त्याच्यावरून ठरते.

आणि प्लेटला भोकं आधी पाडू नका, हे मी सगळ्यांना सांगते. स्लॅबमध्ये सळया कुठे आहेत ते दिसत नाही. ड्रिलला सळई लागली की पुढे जाणं थांबतं, भुकटीत चकाकी येते. तेव्हा जोर लावायचा नाही, तिरकं तर पाडायचंच नाही, जागा सरकवायची. मी छतावर कागद चिकटवला, त्यातूनच बारीक बिटने चाचपणी केली. एक जागा सरकवावी लागली. चारही भोकं नीट झाल्यावर तोच कागद फॅब्रिकेटरकडे नेला आणि त्याच्यावरून प्लेटला भोकं पाडून घेतली. प्लेट वर लावली तेव्हा चारही बोल्ट एकदाच, न ठोकता, आरामात बसले. त्या क्षणाचं समाधान मला शब्दांत सांगता येणार नाही.

हे काम एका वयस्कर मिस्त्रींनी केलं. प्लेटखालचं प्लास्टर त्यांनी आधी पूर्ण काढलं, कारण नट आवळला की प्लास्टर चिरडतं आणि बोल्टचा ताण निघून जातो. प्रत्येक भोकात ते हवा मारायचे, तारेचा ब्रश फिरवायचे, परत हवा मारायचे. भुकटी राहिली की बाही काँक्रीटला धरायच्या ऐवजी भुकटीवर घसरते. मला त्यांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही. नट पाकिटावर लिहिलेल्या टॉर्कपर्यंतच, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोरापर्यंतच, आवळायचा, अंगात आहे तेवढा जोर लावून नाही.

बाकीचं सरळ झालं. शॅकलच्या बोल्टला स्प्लिट पिन घालून तिची दोन्ही टोकं वाकवा. पिन नुसती अडकवून ठेवलेले पंखे मी पाहिले आहेत. दांडीच्या दोन्ही टोकांना बोल्ट असतो, तिथेही तेच. रबराचं रीळ जुन्या पंख्याचं काढून लावू नका, ते कडक झालेलं असतं. सोबत सुरक्षेची तार आली असेल तर ती प्लेटच्या वेगळ्या बोल्टला अडकवा, त्याच कडीला नाही. वरची वाटी छताला टेकवू नका, थोडी फट ठेवा, नाहीतर घरघर छतात उतरते. पाती जमिनीपासून 2.3 मीटरच्या वर हवीत. वीज मेन स्विचवरून बंद करायची, भिंतीवरच्या बटणावरून नाही, आणि अर्थिंगची वायर जोडायचीच.

पंखा डुलत असेल तर आधी आधारावर संशय घेऊ नका. प्रत्येक पात्याच्या टोकाचं छतापासूनचं अंतर एकाच जागी धरून मोजा. एखादं पातं काही मिलिमीटर वर-खाली निघतं, त्याचे स्क्रू सोडून परत लावले की बहुतेक वेळा डुलणं थांबतं. डुलणं थांबवणं म्हणजे फास्टनरचं आयुष्य वाढवणं, हे लक्षात ठेवा.

फॉल्स सीलिंग असलेल्यांसाठी: जिप्समच्या पत्र्याच्या चौकटीला पंखा कधीही टांगू नका, ती स्वतःचं वजन धरायलाच केलेली असते. आधार वरच्या स्लॅबलाच घ्यायचा आणि लांब दांडी खाली आणायची. म्हणून फॉल्स सीलिंग करायच्या आधी प्लेट बसवून घ्या. नंतर तिथे हात पोचत नाही, आणि नट तपासायलाही एक झडप ठेवावी लागते. पंखा चालू होऊन काही आठवडे झाले की चारही नट एकदा पान्याने बघायचे असतात. माझा एक किंचित फिरला, बाकीचे तीन जागचे हलले नाहीत.