आमची वाटचाल: लातूर ते अंदमान, घरगुती मुक्कामाच्या सहली

तिरुपतीच्या गाड्या आणि रेल्वे-विमानाची तिकिटं, इथून आमच्या फर्मची सुरुवात. अंदमानची मागणी आली ती सेल्युलर जेलमुळे. लातूर-उदगीरकडच्या माणसाला आधी सावरकरांची कोठडी बघायची असते, समुद्र मागाहून. आधी हॉटेलांची पॅकेजेस द्यायचो. आता स्वराज द्वीप (जुनं हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (जुनं नील) इथं शक्यतो घरगुती निवास-न्याहारीच देतो. चार-सहा खोल्या, मालक तिथंच राहणारा, त्यामुळे अडलंनडलं तर दार वाजवायला माणूस असतो.

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली आणि बेटांवरचं इंटरनेट सुधारलं. तेव्हापासून फोटोवर खोली घेत नाही, व्हिडिओ कॉल लावतो. गादी उचलून खालची बाजू दाखवायला सांगतो. बुरशीचे काळे ठिपके दिसले की विषय संपला. आपल्याकडे वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पावसाची मारामार, तिथं तीन हजारांच्या आसपास पडतो, मे ते नोव्हेंबर. एकाच भिंतीला खिडकी असली की हवा फिरत नाही आणि बुरशी धरते. खिडकीची जाळी बघायची, नळ सोडून धार बघायची. वीज बरीचशी डिझेलवर, ती जाते. ‘जनरेटर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्यावर एसी चालतो की नुसता पंखा-दिवा, हे विचारावं.

न्याहारीचं प्रकरण जास्त नाजूक. स्वराज द्वीपवर बरीच कुटुंबं पूर्व बंगालमधून येऊन वसलेली. सकाळी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी मिळते, पण मोहरीच्या तेलातली, आणि तो वास आपल्या मंडळींना सोसत नाही. दुसरं तेल हवं तर आदल्या रात्रीच सांगून ठेवावं. शाकाहारी असाल तर मासे तळायची कढई वेगळी आहे का, हे स्पष्ट विचारा. लाजायचं कारण नाही. धपाटे त्या दमट हवेत लवकर आंबतात. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, मात्र न्यावंच. कोरडं असतं, मालकीणबाईंकडून उकळतं पाणी आणि फोडणीपुरतं तेल मिळालं की आमटी तयार.

घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य तिथं लवकर कलतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर चारलाच पोचायचं. त्याच बेटावरच्या विजयनगर किनाऱ्याला ओहोटीत खडक उघडे पडतात, पोहणं भरतीच्या वेळीच. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते. त्या दिवशीची वेळ मालक सांगतो.

मुक्कामांचा क्रम आम्ही बदलू देत नाही. आधी बेटं, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला. समुद्र खवळला की बेटांवरून येणाऱ्या बोटी रद्द होतात आणि तिथून सुटणारं परतीचं विमान काही थांबत नाही. बोट सकाळची असेल तर न्याहारी डब्यात बांधून मागायची.

मालकाला आगाऊ एकाच रात्रीचं भाडं देतो. बोट रद्द झाली तर ती रात्र पुढं सरकवायची, पैसे कापायचे नाहीत, एवढं त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतो. लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे आमची माणसं उतरत नाहीत.