हॉर्नबी रोडवरचं साहेबाचं दुकान

मुंबईला गेलो होतो एका लग्नाला. लग्न दणक्यात झालं, जेवण यथातथाच. त्यावर जास्त लिहीत नाही, नातेवाईक वाचतात. लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या फोर्टातल्या फेरीबद्दल. आत्याला सदऱ्याचं कापड हवं होतं, आणि तेही दादाभाई नौरोजी रोडवरच्या खादी भांडारातलंच.

हा रस्ता म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८९६ च्या नियमाप्रमाणे इथे बांधणाऱ्याला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवावी लागे. ऊनपाऊस न लागता माणसाने चालावं म्हणून. आता त्या वाटेवर मोबाइलची कव्हरं, गॉगल, पट्टे आणि चार्जर आरामात उभे असतात आणि आपण तिरके होऊन चालतो. आत्याला सांभाळत जाताना माझी जाम चिडचिड झाली.

भांडारात शिरलो आणि पंखे, उंच छत, जुनी लाकडी कपाटं बघून जीव थंड झाला. पांढरा सदरा घातलेल्या काकांनी ठाण उलगडलं, गजाने मोजलं, कात्रीने काठाला जेमतेम एक खाच दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. अगदी सुतात! आत्या म्हणाली, "पाव वार जास्त सोडा हो, धुतल्यावर आटतं." काका म्हणाले, "मावशी, ते धरूनच मोजलंय." मग चिठ्ठी घ्या, ती गल्ल्यावर दाखवून पैसे भरा, शिक्का मारून आणा, कापड तिसऱ्याच काउंटरवरून घ्या. घाई असणाऱ्याचं ते काम नव्हतं. मला मात्र मजा वाटली.

मजा वाटायला आणखी एक कारण होतं. ही इमारत आधी 'व्हाइटअवे लेडलॉ'ची. रॉबर्ट लेडलॉ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू केलेली पेढी. पुढे कोलंबो, सिंगापूर, शांघायपर्यंत शाखा. गिऱ्हाईक मुख्यतः इथे नोकरीला आलेले गोरे, माल विलायती, आणि उधारी अजिबात नाही, रोख मोजा नि माल उचला. ३१ जुलै १९२१ ला गांधीजींनी परळला विलायती कापडाची होळी केली. पुढे साहेब गेला, इमारतीला विमा कंपनीवरून 'मेट्रोपॉलिटन इन्शुरन्स हाउस' हे नाव चिकटलं, आणि १९५४ पासून तिथे मुंबईच्या खादी-ग्रामोद्योग असोसिएशनने खादी विकली. ज्या छताखाली मँचेस्टरचं कापड विकलं गेलं तिथे वर्ध्याकडचं सूत! इतका चोख सूड मी दुसरा पाहिलेला नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बातमी वाचली: खादी नसलेला माल खादी म्हणून विकल्याचं कारण देऊन सरकारच्या खादी आयोगाने त्या असोसिएशनचं प्रमाणपत्र रद्द केलं. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "माझं कापड खरं होतं. आटलं ना ते!"

तुम्ही त्या रस्त्याला गेलात तर रविवारी सकाळी जा आणि समोरच्या फुटपाथवरून वर बघत चाला. कमानीखालून इमारत दिसत नाही, नुसते चार्जर दिसतात.